शेवटचं कोण?

ओनोफ्रेने ‘निवांत’ हा शब्द तोंडातून काढला, की फुएन्सान्ता हातातलं काम थांबवी. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने जे जे म्हणून निवांत करायला घेतलं, ते ते एक तर अर्धवट राहिलं नाही तर दवाखान्यात जाऊन संपलं. न्हाणीघराच्या फरशा निवांत बदलायला काढल्या, तेव्हा आठ महिने घरातली सगळी माणसं टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी, कॉफीत पाव बुडवता बुडवता तो म्हणाला, “आज आपण दोघं निवांत शहर बघू या,” तेव्हा ती हातातली बशी तशीच धरून उभी राहिली.

“कुठलं शहर?”

“आपलंच. कोर्दोबा. सगळं जग बघायला येतं. आपण इथे जन्म काढला, आपण काय पाहिलं? मी मेस्कीता, एवढी जगप्रसिद्ध जुनी मशीद, आतून पाहिली ती शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही मला जोराची शू लागली होती. खांब किती ते मोजायचं सोडून मी संडास शोधत होतो.”

“आणि आजच का आठवलं?”

“आज अंगणांच्या उत्सवाचा शेवटचा दिवस आहे. उद्यापासून लोक फुलांनी सजवलेल्या अंगणांची दारं लावून घेतील. आज पूल बघू, जुन्या गल्ल्या बघू, चार अंगणं बघू, बाहेर जेवू. घाई नाही, गडबड नाही.”

ओनोफ्रे अडतीस वर्षं एका सरकारी खिडकीमागे बसला होता. तिथे त्याला सगळे ‘दोन ओनोफ्रे’ म्हणत. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे नावाआधी ‘दोन’ लावतात, माणूस एकच असला तरी. खिडकीसमोर घामाघूम झालेल्या हजारो लोकांना त्याने शांतपणे “थांबा” सांगितलं होतं, आणि त्याच शांतपणाने निवृत्त होऊन घरी आल्यावर ते सांगायला आता एकटी बायको उरली होती. माणूस वाईट नव्हता हो. फक्त घड्याळ आपल्यासाठी नसून समोरच्यासाठी असतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

दोघं जिन्यात आली तोच दुसऱ्या मजल्यावरच्या रेमेदियोसबाईंनी गाठलं. रेमेदियोस म्हणजे उपाय. नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसलं असावं. त्यांनी फुएन्सान्ताच्या नव्या बुटांकडे पाहून “चावणार” म्हणून भविष्य सांगितलं, ओनोफ्रेला टोपी घालायला लावली, बसने जाऊ नका म्हणाल्या, चालतही जाऊ नका म्हणाल्या, पाणी घ्या म्हणाल्या, फार पिऊ नका म्हणजे जावं लागणार नाही असंही म्हणाल्या. आणि मग, दार लावता लावता, “सान बासिलिओकडे जाणार असाल तर दोनच्या आत जा हं. ती कारिदाद नाही का, अठ्ठ्याऐंशीची, ओरडल्याशिवाय ऐकू न येणारी, विहिरीच्या अंगणातली? तिला मुलगा घेऊन चाललाय. साबादेलला, पार उत्तरेला. कायमची. दोनला अंगण बंद झालं की गाडी दारात. बेकरीत कळलं मला.”

फुएन्सान्ताचा हात कठड्यावर थांबला.

“आज?” तिने विचारलं.

“आज म्हणजे आजच. मोठी ट्रंक कालच गेली म्हणे.”

कारिदाद कोण हे ओनोफ्रेला विचारावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून दरवर्षी मे महिन्यात हे नाव त्यांच्या घरात यायचं. फुएन्सान्ताचा जन्म सान बासिलिओच्या जुन्या वस्तीतल्या त्या घरातला. एका अंगणाभोवती अकरा बिऱ्हाडं, एक विहीर, एक धुणं धुवायचं टाकं. तिची आई दिवसभर लोकांचे कपडे धुवायला बाहेर, आणि ही पोर कारिदाद मावशीच्या पदराला. ही अकरा वर्षांची असताना बापाला परमुलखात काम लागलं आणि भल्या पहाटे सगळी निघून गेली. मावशी झोपेत होती, तिला उठवायचं राहून गेलं. परत आल्यावर पहिली दहा वर्षं भेटायला वेळ मिळाला नाही, आणि पुढची सगळी वर्षं इतकी वर्षं भेटलो नाही याची लाज वाटत राहिली. दर मे महिन्यात ती म्हणायची, “या वर्षी जाऊन तिला थँक्यू म्हणते.” थँक्यू म्हणायचं भाषणसुद्धा तिने तयार केलं होतं. भांडी घासताना ती ते पुटपुटायची.

“ओनोफ्रे,” ती रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “मला पूल नको, गल्ल्या नकोत, जेवण नको. मला फक्त त्या अंगणात ने.”

“अगं, आता दहा वाजतायत. दार अकराला उघडतं, त्याआधी बेल वाजवून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही. दोनपर्यंत मुबलक वेळ आहे. निवांत जाऊ.”

तिने पावलं झपाझप उचलली.

पुलावर देवदूताच्या पुतळ्यापाशी मेणबत्ती लावायची म्हणून थांबले. मेणबत्ती वाऱ्याने चार वेळा विझली, आणि विझलेली टाकून जाणं अपशकुनी म्हणून ओनोफ्रे पाचव्यांदा लावत बसला. पुढे ऑफिसातला एक जुना सोबती भेटला. त्याचं पित्ताशय काढलं होतं. ते कसं काढलं, कोणी काढलं आणि बाटलीत घालून घरी दिलं का नाही, हे सगळं भर उन्हात ऐकून झालं. मग फुलांच्या गल्लीत शिरले, तर तिथे फोटो काढणाऱ्यांची इतकी दाटी, की ओनोफ्रे एका जपानी कुटुंबाच्या फोटोत मधोमध अडकला आणि त्यांनी त्याला बाजूला करण्याऐवजी हसून खांद्यावर हात टाकला. त्याला ते आवडलं. तो आणखी दोन फोटोंसाठी थांबला.

सान बासिलिओच्या तोंडाशी उत्सवाचा मंडप होता. आत टेबलामागे एक मुलगी बसली होती.

“सरळ जायचंय,” ओनोफ्रे म्हणाला.

“सरळ नाही जाता येणार काका. गर्दीमुळे आज एकेरी वाट आहे. भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूने या.”

“अहो पण ते घर मला इथून दिसतंय.”

“दिसू दे की. येताना या बाजूने या, तेव्हा अजून जवळून दिसेल.”

“तुमचे वरिष्ठ कोण?”

“ते नाश्त्याला गेलेत. थांबा.”

थांबा! अडतीस वर्षांत ओनोफ्रेने हा शब्द इतक्या जणांना दिला होता, पण स्वतः कधी घेतला नव्हता. तो तांबडालाल झाला, काहीतरी बोलायला गेला, आणि तोंड मिटून वळसा घालायला निघाला. फुएन्सान्ता त्याच्या पुढे चालत होती. नवे बूट चावायला लागले होते, रेमेदियोसबाईंचं बाकी काही नसलं तरी बुटांचं खरं ठरलं. पण ती लंगडत का होईना, पुढेच चालत होती.

दाराशी पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. दारावर गळ्यात ओळखपत्र घातलेला वालेरियानो नावाचा गृहस्थ पंधरा-पंधरा माणसं आत सोडत होता.

आता इथे आमच्या गावातली रांग समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आमच्याकडे रांग पायांनी लावत नाहीत, तोंडाने लावतात. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, “शेवटचं कोण?” कोणीतरी “मी” म्हणतं. झालं, त्याच्यामागे तुमचा नंबर लागला. मग तुम्ही भिंतीला टेका, सावलीत बसा, समोरच्या दुकानातून दूध आणा. पुढचा माणूस येऊन “शेवटचं कोण” विचारील त्याला “मी” म्हणून टाकलं, की तुम्ही मोकळे. भाजीवाल्याकडे, डॉक्टरकडे, पोस्टात, सगळीकडे हेच. या पद्धतीवर ओनोफ्रेची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

“शेवटचं कोण?” त्याने खड्या आवाजात विचारलं.

एक उंच, पिकल्या केसांची बाई वळली. उन्हाने नाक सोललेलं, डोक्यावर घमेल्याएवढी टोपी. हॉलंडहून आलेली. नाव ट्रूस, हे नंतर कळलं.

“मी,” ती म्हणाली. बारा धड्यांचं स्पॅनिश तिला येत होतं, आणि त्यातल्या एका धड्यात ‘शेवटचा’ हा शब्द होता. “मी शेवटची आहे. होय.”

खरं तर मागे आणखी कोणी येईपर्यंत ओनोफ्रेने थांबायला हवं होतं. नियम आहे तो. पण समोरच बार होता, दारात सावली होती, आणि तळणाचा वास येत होता.

“हे बघा,” तो परदेशी माणसाशी बोलताना आपण सगळेच बोलतो तसा, ती बहिरी असल्यासारखा ओरडून बोलू लागला, “तुम्ही शेवटच्या! आम्ही तुमच्या मागे! आम्ही येईपर्यंत विसरू नका! तुम्ही, शे-व-ट-च्या! फार महत्त्वाचं आहे! माझ्या बायकोसाठी!”

बाईने फुएन्सान्ताकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा ब्लाउज, कानात आईच्या कुड्या, बुटांत वळलेले पाय. मग तिने शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

“मी जात नाही,” फुएन्सान्ता म्हणाली.

“अगं, नंबर लागलाय. तुझा पाय बघ. तासभर उभी राहिलीस तर आत कारिदादसमोर आडवी पडशील. दहा मिनिटं टेकू.”

पायच दुखत होता, म्हणून ती गेली. वेटरने पहिल्यांदा पाहायला वीस मिनिटं घेतली. मध घातलेली तळलेली वांगी आली, ती शेजारच्या टेबलाची निघाली. आपली आली तोवर साल्मोरेहो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, राहिलं, साल्मोरेहो आलं तर पाव नाही, पाव आल्यावर ओनोफ्रेला शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या बोलण्यातून कळलं की त्याची एक केस कधी काळी आपल्याच खिडकीवर तीन वर्षं पडून होती, आणि ती का पडली हे समजावून सांगणं त्याला कर्तव्य वाटलं. फुएन्सान्ता समोर आलेलं न बघता खात होती आणि दाराकडे बघत होती. मध्ये खांब होता, त्यामुळे रांग दिसत नव्हती.

“ओनोफ्रे, किती वाजले?”

“पाऊणच्या पुढे असतील. निवांत.”

तिने त्याचं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं. एक पस्तीस. ती एक शब्दही न बोलता उठली. एकोणचाळीस वर्षांत ती ओरडली की ओनोफ्रेला बरं वाटायचं. ती गप्प झाली की मात्र त्याचे हातपाय गार पडायचे. सुट्टे परत न घेता तो तिच्यामागे धावला.

दाराशी घमेल्याएवढी टोपी नव्हती. सगळ्यात पुढे हातात पंखा घेतलेली एक भरभक्कम बाई उभी होती.

“आमचा नंबर इथे आहे,” ओनोफ्रे धापा टाकत म्हणाला. “टोपीवाल्या परदेशी बाईंच्या मागे.”

“कुठली बाई? ती दिसते का कुठे?”

“आत गेली असेल. म्हणजे आम्ही तिच्या मागचे.”

“तुमच्या मागे कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

“म्हणजे साक्षीदार नाही,” पंखावाली बाई म्हणाली आणि पंखा फाडकन मिटला. मागून आवाज सुटले. “वा रे वा!” “टोपी घातली म्हणून काय?” “तोंडाला अजून मध लागलाय बघा!” ओनोफ्रेने तोंड पुसलं. मध होता खरा.

“साहेब,” तो वालेरियानोकडे वळला, “माझी बायको आतल्या कारिदादबाईंना भेटायला...”

“भाची का?”

“काय?”

“सकाळपासून अकरा भाच्या येऊन गेल्या. दोन पुतणे. एकजण तर जुळा भाऊ म्हणाला, वय तीस.” वालेरियानोने घड्याळ पाहिलं. “पावणेदोन. ही शेवटची पंधरा माणसं. त्यानंतर दार बंद.”

पंधरा. रांगेत चाळीसएक तरी होती. ओनोफ्रेने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला हात टेकून दाराच्या फटीतून आत बघत होती. आणि दोन ओनोफ्रेच्या, म्हणजे त्या एकट्या माणसाच्या लक्षात आलं, की आपण आज जे केलं ते आयुष्यभर निस्तरता येणार नाही.

तेवढ्यात गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाकडून हाक आली.

“सर! सर! मी इथे! मी शेवटची!”

घमेल्याएवढी टोपी हवेत हलत होती. ट्रूसबाई रांगेच्या अगदी शेवटी, भर उन्हात उभी होती, आणि चेहरा असा फुलला होता की जणू परीक्षेत पहिली आली.

आधी कोणाला काही कळेना. मग एकेकाच्या तोंडून उलगडा होत गेला. “मी आले तेव्हा हिला विचारलं, शेवटचं कोण, तर म्हणाली मी,” पंखावाली म्हणाली. “म्हणून मी हिच्यामागे उभी राहिले, तर ही आपली माझ्या मागे! मला वाटलं, बाईला सावली हवी असेल.” “माझ्या पण मागे गेली,” पुढचा म्हणाला. “आमच्यासुद्धा!” दीड तास आणि वर दहा मिनिटं ती बाई, येईल त्याला पुढे घालून, शेवटची राहिली होती. तिला सांगितलंच होतं ना तसं, बोट नाचवून, की आम्ही येईपर्यंत तुम्ही शेवटच्या, फार महत्त्वाचं आहे!

आणि मग असा हशा फुटला की वरच्या खिडक्या उघडल्या. ओनोफ्रे हसला नाही. फुएन्सान्ता पण हसली नाही. ती लंगडत गल्लीच्या त्या टोकाला गेली, त्या उंच बाईचं सोललेलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

“चूक झाली का माझी?” ट्रूसबाईने घाबरून विचारलं.

“नाही हो बाई,” मागोमाग आलेला ओनोफ्रे म्हणाला, आणि मग त्याने टोपी काढली. चारचौघांत आपली चूक कबूल करायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला ते नीट जमत नव्हतं. “चूक माझी. सकाळपासून माझी. ही कारिदादबाईंची भाची नाही. कोणीच नाही. नात्याने काडीचा संबंध नाही. त्यांनी हिला लहानपणी सांभाळलं, आणि हिला फक्त एकदा थँक्यू म्हणायचंय. बाई दोनला गावच सोडून चालल्यात. ही सकाळपासून मला सांगतेय लवकर चल, आणि मी वांगी खात बसलो.”

पंखावाल्या बाईने पंखा कमरेला खोचला. मग ती रांगेकडे वळली.

“या परदेशी बाईच्या मागून येऊन पुढे गेलेले कोण कोण? हात वर करा.”

हात वर झाले. एका पट्टेरी शर्टवाल्याने खिशात घातला होता, त्याच्या बायकोने तो काढून वर केला. सगळ्या रांगेचे हात वर.

“मग नियम काय सांगतो? ही आपल्या सगळ्यांच्या आधीची आहे. आणि हे दोघं हिच्या मागे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पुढे. इथे मेहेरबानीचा प्रश्नच नाही. वालेरियानो, दार उघड.”

“भाच्या अकरा आल्या,” वालेरियानो दार ढकलत म्हणाला, “पण ‘मी कोणीच नाही’ म्हणणारी ही पहिलीच. जा ताई. सावकाश बोला.”

आत भिंती पांढऱ्याशुभ्र आणि त्यांच्यावर शेकडो निळ्या कुंड्या, त्यांतून लाल जिरॅनियम नुसते ओसंडत होते. लोक वर बघून फोटो काढत होते. विहिरीशेजारी वेताच्या खुर्चीवर एक एवढीशी म्हातारी, मे महिन्याच्या उकाड्यात गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून, मांडीवर पिशवी धरून बसली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

फुएन्सान्ता तिच्यापुढे फरशीवर गुडघे टेकून बसली. भांडी घासताना पाठ केलेलं भाषण तोंडाशी आलं असावं, कारण तिचे ओठ हलले.

“कोण गं तू?” म्हातारीने विचारलं. “कोणाची?”

“फुएन्सी!” ती ओरडली, इतक्या मोठ्याने की फोटो काढणारे थबकले. “लोलाची! धुणंवाल्या लोलाची फुएन्सी, मावशी!”

म्हातारीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. एक कान पाहिला, मग दुसरा. कपाळावरचा जुना व्रण अंगठ्याने चाचपला. एक्कावन्न वर्षं कुठे होतीस, हे तिने विचारलं नाही. न सांगता का गेलीस, हेही विचारलं नाही.

“जेवलीस का?” तिने विचारलं.

दोन बशा वांगी आणि वाडगाभर साल्मोरेहो अर्ध्या तासापूर्वी खाऊन आलेली फुएन्सान्ता म्हणाली, “नाही.”

“वाटलंच मला. तुझ्या आईला यायला उशीरच होतो.” म्हातारीने मांडीवरची पिशवी उघडली. प्रवासासाठी बांधून घेतलेला, बटाट्याचं ऑम्लेट घातलेला पाव तिने कागदातून सोडवला, मधोमध मोडला, आणि दोन्ही अर्धे नीट तोलून मोठा तुकडा तिच्या हातात दिला. मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या ओनोफ्रेकडे गेली.

“आणि हा कोण?”

“नवरा, मावशी!”

“याला नको. याचं झालेलं दिसतंय.”

ओनोफ्रेने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. शेजारी ट्रूसबाई उभी होती. तिला काय चाललंय ते शब्दांत कळलं नसेल, पण टोपी तिनेही काढून हातात घेतली होती. ओनोफ्रेने तिचा हात धरला आणि काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि “आभारी आहे बाई, फार आभारी आहे,” एवढंच तीन-चारदा बोलत राहिला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वालेरियानोने दारातून डोकं आत घातलं आणि परत बाहेर घेतलं. अंगणातली माणसं आपणहून, चवड्यांवर चालत, भिंतीकडे सरकली. फरशीवर बसलेली फुएन्सान्ता दोन्ही हातांनी पाव धरून खात होती, रडत होती आणि खात होती.

“सावकाश,” म्हातारी म्हणाली. “आणि कड टाकायची नाही हं.”

बासष्ट वर्षांच्या फुएन्सान्ताने कडसुद्धा खाल्ली.